डोळ्यात न भरता जगणं: गुण, सोय की उणीव?

मुक्ता_न

मंडळी, बरेच दिवस मनात घोळणारा विषय मांडते आहे.

हल्ली जो तो सांगतो की पुढे या, बोला, स्वतःची ओळख निर्माण करा. मला नेमकी उलटी ओढ आहे. खोलीत शिरले तर कुणाची मान वळू नये, काम पार पडलं तर ते कुणी केलं याची चर्चा होऊ नये, गर्दीतून गेले तर कुणाच्या लक्षात राहू नये. हा लाजाळूपणा नाही. चारचौघांत बोलायची वेळ आली तर मी व्यवस्थित बोलते. पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नसतं तेव्हा मला जास्त नीट दिसतं, जास्त नीट ऐकू येतं. स्वतःला सांभाळण्यात जाणारी शक्ती वाचते आणि ती कामाला लागते.

माझं कामही तसलंच. संगणकयंत्रणा बंद पडू न देणं. आमची आठवण फक्त बिघाड झाल्यावर होते आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुम्हाला अशा जगण्याचं मोल वाटतं का? आणि त्याची किंमत दुसरं कुणी मोजत असतं का?

चाफा_

वाचतेय. जिव्हाळ्याचा विषय. सवडीने सविस्तर लिहिते.

बिनधास्त_बबन

मुक्ताताई, मनापासून सांगतो, पटलं नाही. मूल रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, मग साहेब लोक कुठून पाजणार? तुम्ही गप्प राहून काम करता, शेजारचा त्याच कामाचं सादरीकरण करतो आणि बढती त्याला मिळते. नजरेत न भरणं ही चैन ज्याचं पोट भरलेलं आहे त्याला परवडते. बाकीच्यांनी हात वर करावाच.

अक्षरधूळ

बबनशी निम्मा सहमत. मुक्ता, तुझ्या क्षेत्रातलंच उदाहरण देतो. २००० साल उजाडताना जुन्या संगणकप्रणाली कोलमडतील अशी भीती होती, कारण वर्ष दोनच अंकांत साठवलेलं होतं. जगभरच्या प्रोग्रामरांनी त्याआधीची काही वर्षं खपून ओळ न् ओळ तपासली. १ जानेवारीला फारसं काही घडलं नाही, आणि लोक म्हणाले, "बघा, उगाच बागुलबुवा केला होता!" म्हणजे काम इतकं बेमालूम झालं की ते करायची गरजच नव्हती असं ठरलं.

टळलेलं संकट दिसत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी ते टाळायला पैसे आणि माणसं मागितली की "कशाला?" असा प्रश्न येतो. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं एक उत्तर हे. किंमत तुझ्यानंतर त्या खुर्चीत बसणारा मोजतो.

टिटवी

जरा निसर्गाकडे वळू या का? इंग्लंडमधल्या ठिपक्यांच्या पतंगाची (पेपर्ड मॉथ) गोष्ट बहुतेकांनी शाळेत वाचली असेल. फिकट, ठिपकेदार पंखांचा हा पतंग दगडफुलाने माखलेल्या खोडावर बसला की दिसेनासा होतो. १८४८ मध्ये मँचेस्टरजवळ त्याचा एक काळा प्रकार नोंदवला गेला. कारखान्यांच्या धुराने दगडफूल मेलं, खोडं काजळली, आणि १८९५ पर्यंत तिथले सुमारे ९८ टक्के पतंग काळे होते. आता फिकट पतंग पक्ष्यांना लांबूनच दिसत होता. पुढे १९५६ मध्ये ब्रिटनने हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा केला, काजळी हटत गेली आणि पुढच्या काही दशकांत फिकट पतंग पुन्हा वाढले.

यात पतंगाने स्वतः काहीच केलं नाही. तोच पंख एका खोडावर लपतो आणि दुसऱ्यावर जीव घेतो. म्हणून "मी नजरेत भरत नाही" हे वाक्य मला अर्धवट वाटतं. कुठे भरत नाही, कुणाच्या नजरेत, कशाच्या शेजारी, हे सांगितल्याशिवाय ते पुरं होत नाही.

गोगलगाय

टिटवीताई, सुंदर. अवांतर: कटलफिश हा समुद्री प्राणी सेकंदाच्या आत त्वचेचा रंग आणि नक्षी बदलून आजूबाजूच्या तळाशी एकरूप होतो, आणि गंमत म्हणजे त्याच्या डोळ्यात रंग ओळखणारं एकाच प्रकारचं द्रव्य असतं. म्हणजे आपल्या अर्थाने तो रंगांधळा!

बिनधास्त_बबन

अवांतरात माझीही भर. पहिल्या महायुद्धात १९१७ पासून ब्रिटिश जहाजांवर झेब्र्यासारखे आडवेतिडवे भडक पट्टे रंगवले. नॉर्मन विल्किन्सन या चित्रकाराची कल्पना. उघड्या समुद्रात जहाज लपवता येत नाही, मग निदान पाणबुडीतल्या माणसाला ते कुठल्या दिशेला, किती वेगाने चाललंय याचा अंदाज तरी चुकावा. थोडक्यात, लपता येत नसेल तर असे दिसा की समोरचा गोंधळला पाहिजे! माझ्या शर्टांमागेही हेच तत्त्व आहे :)

तिसरी_घंटा

रंगभूमीवर पडद्यामागे काम करते, म्हणून लिहिल्याशिवाय राहवेना.

जपानच्या बुनराकू बाहुलीनाट्यात एकेक मोठी बाहुली तिघं मिळून चालवतात. एक डोकं आणि उजवा हात, दुसरा डावा हात, तिसरा पाय. तिघंही प्रेक्षकांच्या समोर, बाहुलीच्या मागे उभे असतात. दोघांचे चेहरे काळ्या बुरख्याआड. मुख्य सूत्रधाराचा चेहरा मात्र बऱ्याचदा उघडा असतो. तरीही काही मिनिटांत माणसं दिसेनाशी होतात आणि बाहुलीचा श्वास दिसायला लागतो. पायांसाठी दहा वर्षं, डाव्या हातासाठी आणखी दहा, आणि मग डोकं, अशी तिथली शिकण्याची परंपरा सांगतात.

मुख्य माणसाचा चेहरा उघडा असूनही तो दिसत नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तो स्वतःच्या चेहऱ्यावर काहीही घडू देत नाही. सगळं बाहुलीला देतो. आम्ही अंधारात, पायमोजे घालून, दोन प्रवेशांच्या मध्ये खुर्ची हलवतो तेव्हाही तेच करत असतो. ती खुर्ची हलताना कुणी बघितली तर तो आमचा पराभव. मुक्ता, तू म्हणतेस तो आनंद मला पुरेपूर माहीत आहे आणि तो टाळ्यांपेक्षा कमी नाही.

हंसा

मी भूलतज्ज्ञ. रुग्णाला शस्त्रक्रिया करणाऱ्याचं नाव आठवतं, आमचं क्वचितच. त्याचं काही वाटत नाही. पण इथे एक दुसरी बाजू मांडते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी सुरक्षेची तपासयादी आणली. चीर देण्याआधी थांबायचं आणि खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि आपलं काम मोठ्याने सांगायचं, असा तिच्यात एक टप्पा आहे. सुरुवातीला ज्येष्ठांना तो पोरकट वाटायचा. पण ज्या परिचारिकेने एकदा सर्वांसमोर स्वतःचं नाव उच्चारलेलं असतं, ती पुढे "थांबा, ही बाजू चुकतेय" असं म्हणायला कमी कचरते. जिचं नावच कुणाला ठाऊक नाही ती मनातल्या मनात म्हणते, आणि तिथे मनातल्या मनात म्हणून चालत नाही.

मला अदृश्य राहायला आवडतं. पण माझ्या खोलीत कुणी अदृश्य असलेलं मला चालत नाही.

गोगलगाय

हंसाताई, शेवटच्या दोन वाक्यांसाठी दंडवत.

अक्षरधूळ

हंसाताईंच्या प्रतिसादावरून स्तानिस्लाव पेत्रोव आठवला. २६ सप्टेंबर १९८३ ची मध्यरात्र उलटलेली. सोव्हिएत उपग्रहयंत्रणेने दाखवलं की अमेरिकेतून क्षेपणास्त्र सुटलंय. मग आणखी चार. पेत्रोव पाळीवरचा अधिकारी. त्याने विचार केला की खरं युद्ध सुरू करणारा देश फक्त पाच क्षेपणास्त्रं सोडणार नाही, आणि वर कळवलं की यंत्रणा बिघडली आहे. ते खरं निघालं. उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश उपग्रहाला फसवून गेला होता.

जगाला हे कळायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. आणि त्याला वरिष्ठांचे बोल बसले ते कशासाठी, तर त्या धांदलीत नोंदवहीत नीट नोंद केली नाही म्हणून!

नीरजा

इथे मला जोरात असहमती नोंदवायची आहे. वरचे बरेच प्रतिसाद असं धरून चालले आहेत की आधी माणूस दिसू शकतो आणि मग तो न दिसणं पसंत करतो. कितीजणींना ही पसंती मिळाली?

सोफी जर्मेन ही फ्रेंच गणिती. पॅरिसच्या एकोल पोलितेक्निकमध्ये मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून तिने 'मस्यू लब्लाँ' या पुरुषी नावाने लाग्रांज या गणितज्ञाला आपलं काम पाठवलं आणि पुढे त्याच नावाने गाउस या जर्मन गणितज्ञाशी पत्रव्यवहार केला. गाउसला खरी ओळख कळली ती फ्रेंच सैन्य त्याच्या गावात शिरल्यावर. त्याच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून तिने ओळखीच्या सेनापतीकडे शब्द टाकला होता, त्यातून भांडं फुटलं. तिला दिसेनासं राहायची हौस नव्हती. तेवढा एकच दरवाजा उघडा होता.

जॉसलिन बेल हिने १९६७ मध्ये विद्यार्थिनी असताना रेडिओ दुर्बिणीच्या कागदी नोंदींतून पहिला पल्सार (ठरावीक लयीत रेडिओ लहरींचे ठोके देणारा तारा) हुडकला. १९७४ चं नोबेल तिच्या मार्गदर्शकाला आणि आणखी एका शास्त्रज्ञाला मिळालं. तिचं नाव नाही.

आणि रस्त्यावरचं? अंग चोरून चालणं, नजर खाली ठेवणं, कुणाच्या डोळ्यावर येऊ नये असे कपडे निवडणं, हे आम्ही लहानपणी शिकतो. कारण दिसण्याची शिक्षा आम्हाला होते. त्याला कुणी विनम्रता म्हटलं की माझं डोकं फिरतं.

बिनधास्त_बबन

नीरजा +१. मी हेच म्हणत होतो, फक्त मला इतकं नीट मांडता आलं नाही.

तिसरी_घंटा

नीरजा, मान्य. पण जॉसलिन बेलच्या बाबतीत पुढचंही सांग ना. २०१८ मध्ये तिला ३० लाख डॉलरचं विशेष ब्रेकथ्रू पारितोषिक मिळालं. ते सगळं तिने भौतिकशास्त्रात ज्यांचं प्रमाण कमी आहे अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी देऊन टाकलं. स्वतःवर पडलेला प्रकाश तिने ज्यांच्यावर तो पडत नाही त्यांच्याकडे वळवला.

नीरजा

बरोबर, आणि ते तिचं मोठेपण. पण वळवायला आधी तो तिच्या हातात यावा लागला. पन्नासएक वर्षांनी.

शब्दवाहक

मी दुभाष्याचं काम करतो. एकाच वेळी ऐकत दुसऱ्या भाषेत बोलायची ही पद्धत मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा वापरली गेली ती १९४५ मध्ये नाझी नेत्यांवर सुरू झालेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात. आम्ही जोडीने बसतो आणि अर्ध्या तासाच्या आसपास पाळी बदलतो, कारण त्यापुढे मेंदू दमतो.

बोलणारा "मी" म्हणाला की आम्हीही "मी"च म्हणायचं. "ते म्हणतात की" असं लावायचं नाही. त्या "मी"मध्ये आमचा लवलेश नसतो. आरोपीचा "मी", साक्षीदाराचा "मी", एखाद्या आईचा "मी". मग न्यायालयात आम्हालाच काही सांगायचं असेल, म्हणजे ऐकू आलं नाही किंवा संदर्भ लागला नाही, तर आम्ही म्हणतो, "दुभाष्याला शेवटचं वाक्य ऐकू आलं नाही." स्वतःचा उल्लेख तृतीयपुरुषी.

लोक विचारतात की असं दुसऱ्याच्या आत विरघळून राहताना स्वतःपण हरवत नाही का? माझा अनुभव उलट आहे. इतक्या जवळून माणसं ऐकायची संधी मला दुसऱ्या कुठल्याच कामात मिळाली नसती. पण ते तृतीयपुरुषी वाक्य वेळेवर म्हणायचं धैर्य नसेल तर हे काम करू नये. न ऐकलेलं गाळून पुढे गेलात तर तुम्ही कुणाला दिसणार नाही हे खरं, पण कुणाचा तरी न्याय बुडेल.

जुना_जाणता

उत्तम चर्चा. एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाने शिष्यांना सांगितलं होतं की कुणाच्या लक्षात न येता जगा. पुढे प्लुटार्कने त्याला पेचात पकडलं: हा सल्ला देऊन स्वतः प्रसिद्ध व्हायचं होतंच ना?

तरुण मंडळींसाठी एक दिलासा. आपल्याला वाटतं तितकं जग आपल्याकडे बघत नसतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मानसशास्त्रज्ञ गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना गायकाचा चेहरा छापलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं की जवळपास निम्म्या लोकांनी तो पाहिला. प्रत्यक्षात पाव लोकांच्याच लक्षात आला. तेव्हा निर्धास्त राहा.

ऊनसावली

काका, तुमचा हेतू चांगला आहे, पण तो टी-शर्ट खोलीबाहेर आल्यावर काढता येतो.

मला कोड आहे. चेहऱ्यावर, हातांवर, मानेवर. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होतात, एवढंच. संसर्ग नाही, वेदना नाही. पण लहानपणापासून आजपर्यंत मी कुठल्याही खोलीत कुणाच्या नकळत शिरलेले नाही. माझ्याकडे बघितलं जातं, मग मी बघतेय हे कळल्यावर नजर झटकन वळवली जाते, मग पुन्हा चोरून बघितलं जातं. काही जण उपाय सुचवतात. काही जण बाजूची जागा सोडतात.

मुक्ता, तू लिहिलेलं वाचून मला राग आला नाही. हेवा वाटला. गर्दीत कुणाच्या लक्षात न राहणं म्हणजे काय चीज आहे ते तुला माहीत आहे. टिटवीने म्हटलं ते माझ्यापुरतं अगदी खरं आहे. माझ्यात काही बदलून उपयोग नाही, खोड बदलायला हवं. जिथे माझ्यासारखे आणखी दोघंतिघं असतात, त्या खोलीत मी तासाभरात विसरते की मला कोड आहे.

शून्यापासून

ऊनसावली, तुमच्या शेवटच्या वाक्याचं तांत्रिक रूप आमच्या क्षेत्रात आहे, ते सांगतो.

इंटरनेटवर ओळख लपवायची म्हणून लोक ब्राउझरमध्ये नाना बदल करतात. वेगळा फॉन्ट, वेगळी सेटिंग्ज, दहा एक्स्टेन्शन. परिणाम उलटा होतो. अशी जुळणी दुसऱ्या कुणाचीच नसते, त्यामुळे संकेतस्थळांना तुम्ही आणखी सहज ओळखू येता. टॉर ब्राउझरची रीत वेगळी आहे. तो वापरणारे शक्य तितके एकसारखे दिसावेत असा प्रयत्न असतो. खिडकीचा आकारसुद्धा ठरावीक टप्प्यांतच कळवला जातो, म्हणजे पडद्याच्या मापावरून कुणी ओळखू नये. आणि म्हणूनच ज्यांना लपवण्यासारखं काही नाही अशा लोकांनी तो वापरण्याला फार महत्त्व आहे. फक्त धोक्यातले लोक तो वापरू लागले तर तो वापरणं हीच त्यांची खूण ठरेल. सामान्य माणसांची गर्दी हेच त्यांचं संरक्षण.

मुक्ता_न

सगळे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचते आहे. मी हा सगळा वेळ न दिसणं ही माझी स्वतःची गोष्ट समजून लिहीत होते. ऊनसावली आणि शून्यापासून यांच्यामुळे लक्षात येतंय की ती मला आजूबाजूच्यांकडून मिळते आहे. मी ज्या गर्दीत मिसळते त्या गर्दीने मला आत घेतलेलं असतं.

अक्षरधूळ, नोंदवहीचं पटलं. काय काय टळलं याची दर महिन्याची नोंद आता लिहायला घेतली आहे, रात्रपाळीच्या दोघांच्या नावांसकट. मला स्वतःला पुढे यायचं नाही, ते तसंच राहील.

चाफा_

आले बाई एकदाची. समाजशास्त्र शिकवते, म्हणून मुक्ताने आता लिहिलं त्याला धरून सांगते.

अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये एक साधी गोष्ट टिपली. दोन अनोळखी माणसं समोरून येतात तेव्हा एकमेकांकडे क्षणभर बघतात, म्हणजे "तुम्ही आहात हे मला कळलं" असं सांगतात, आणि मग नजर काढून घेतात, म्हणजे "तुमच्याबद्दल मला भीती किंवा कुतूहल नाही". लिफ्टमध्ये, बसमध्ये, प्रतीक्षालयात आपण सगळे हे न शिकवता करतो. दोन्ही भाग लागतात. पहिला गाळला तर समोरचा माणूस नसल्यासारखा होतो, आणि सफाई कामगारांना, वाढप्यांना आपण रोज हेच करतो. दुसरा गाळला तर टक लावून बघणं होतं.

ऊनसावली, तुला दोन्हीकडून मार बसतो. लोक टक लावून बघतात आणि पकडले गेले की पहिला भागही काढून घेतात, म्हणजे तू तिथे नाहीसच असं दाखवतात. तुझ्या जागी न दिसण्यापेक्षा मी हे मागेन की मला इतरांइतकंच बघा. एक क्षण, नेहमीचा.

मुक्ताच्या पहिल्या प्रश्नावर माझं उत्तर: हो, मोल आहे, आणि फार आहे. पण ते तुझ्या स्वभावाचं नसून त्या नेहमीच्या क्षणाचं आहे. तो मिळत असेल तरच मागे राहण्यात सुख आहे. तो मिळत नाही त्याला मागे राहा म्हणणं क्रूर आहे.

ऊनसावली

चाफाताई, इतकं नेमकं कुणी मला आजवर सांगितलं नव्हतं. जपून ठेवते.

गोगलगाय

एक व्यावहारिक प्रश्न, ऊनसावली. माझा मुलगा चार वर्षांचा आहे. वेगळं दिसणारं माणूस दिसलं की तोंड उघडं टाकून बघत राहतो. मी त्याला ओढून नेतो आणि वाटेत दटावतो. काय करायला हवं?

ऊनसावली

ओढू नका. ओढलं की त्याला वाटतं की बघू नये असं काहीतरी भयंकर त्या माणसात आहे, आणि ते मलाही ऐकू येतं. मुलांच्या बघण्याचा मला त्रास होत नाही, त्यांच्यामागे घाबरलेल्या आईबापांच्या चेहऱ्यांचा होतो. तुम्ही स्वतः माझ्याकडे बघून जरा हसा, जसं कुणाकडेही हसाल. त्याने मोठ्याने विचारलं की "ताईचा हात असा का?" तर तिथेच, नेहमीच्या आवाजात सांगा की काहींची त्वचा अशी असते, दुखत नाही. मला विचारलंत तर मीही सांगेन. उत्तर मिळालं की मुलं त्यानंतर माझ्याकडे बघतही नाहीत, आपल्या खेळाला लागतात.

हंसा

आणि हे घरीही आधीच सांगून ठेवता येतं, गोगलगाय. चारचौघांत पहिल्यांदा उत्तर द्यायची वेळ येऊ देऊ नका.

गोगलगाय

आजच बोलतो त्याच्याशी.